इतर बासष्ट टक्के

पक्षाच्या कार्यालयात इच्छुकाला कुठं बसवतात, त्यावरून त्याचं भविष्य कळायचं. माणूस वजनदार असेल तर थेट आत, अध्यक्षांच्या समोरच्या गादीच्या खुर्चीत. होतकरू असेल तर बाहेरच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. आणि हौशी असेल तर जिन्याजवळच्या बाकावर. वरच्या मजल्यावर शिकवणी चालायची, तिथली पोरं चढता-उतरता बाकावरच्या माणसाच्या गुडघ्यांना दप्तरं आपटून जायची. बाकावरच्याला आत बोलावत नसत असं नाही. बोलावत, पण तोवर आतल्यांची जेवायची वेळ झालेली असे.

टायपिस्टबाई या कार्यालयात अकरा वर्षं होत्या, आणि त्यांचे सासरे त्या बाकावर सलग तिसऱ्या निवडणुकीला बसले होते.

सासरे म्हणजे पाणीखात्यातले निवृत्त मीटरवाले. चौतीस वर्षं घरोघर जाऊन, वाकून, झाकण उचलून आकडे लिहून घेतले. पक्षात तर त्याच्याही आधीपासून. सतरंज्या उचलल्या, खुर्च्या मांडल्या, पत्रकं वाटली, सगळं केलं. पण प्रत्येक सभेच्या शेवटी, "कुणाला काही विचारायचंय का?" असं अध्यक्ष म्हणाले की हे उभे राहायचे. तो प्रश्न उत्तर मिळवण्यासाठी विचारलेला नसतो, हे सगळ्या सभेला कळायचं, ह्यांनाच कळत नसे. मागणी एकच. कोणत्या गल्लीला पाणी किती वाजता सोडणार आणि किती वेळ, त्याचं वेळापत्रक गल्लीच्या तोंडाशी फळ्यावर लिहा. बस्स. रस्ता नको, बाग नको, पुतळा नको. ते उठले की मागून कुणीतरी म्हणायचं, "सोडला नळ!" आणि सभा हसत हसत घरी जायची.

बाईही हसायच्या. तोंडावर पदर घेऊन, पण हसायच्या. हे नंतर त्यांना फार लागलं, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

आता या कार्यालयातली एक रीत समजून घ्यायला हवी. तिकीट द्यायच्या आधी वॉर्डात एक हजार घरांत फॉर्म भरून घेत. फॉर्मवर चार नावं छापलेली, प्रत्येकापुढं चौकोन, आणि पाचवा चौकोन 'इतर'. इतरच्या पुढं एक रेघ. छापलेल्या चौघांपैकी कुणी नको असं घरमालक म्हणाला, तर त्याला हवं ते नाव कार्यकर्त्यानं पेन्सिलीनं त्या रेघेवर लिहायचं. पेन्सिलीनं का, तर पेनं दिली की परत येत नाहीत, असा अध्यक्षांचा अनुभव.

छापलेली चार नावं कुणाची? मागच्या सर्वेक्षणात ज्यांना दहा टक्क्यांच्या वर पसंती मिळाली त्यांची. आणि दहा टक्क्यांच्या वर पसंती कुणाला मिळायची? ज्यांची नावं छापलेली असत त्यांना. घोडं इथं पेंड खात होतं, पण घोडं अध्यक्षांचं असल्यामुळं कुणी बोलत नसे.

मोजायचं काम बाईंचं. पाच चौकोनांचे पाच गठ्ठे करायचे, आकडे लिहायचे. मग अध्यक्ष म्हणायचे, "इतर वाटून टाका." म्हणजे इतरचा गठ्ठा चौघांत सारखा वाटायचा. "बाई, वर कागद पाठवताना शंभराची बेरीज चार नावांत बसलेली बरी दिसते. इतर म्हणजे कोण? कुणी नाही. हवा." बाईंनाही ते पटायचं. रेघेवर काय लिहिलंय ते वाचायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. गठ्ठा करायला चौकोन पुरतो.

फॉर्म टाईप करतानाही दर वेळी सासऱ्यांचा अर्ज त्यांच्या टेबलावर असायचा. अध्यक्ष लांबूनच हात हलवायचे. बाई तो अर्ज हौशींच्या फाइलीत टाकायच्या आणि चारच नावं टाईप करायच्या. घरी सांगायच्या, "बाबा, नावं वरून ठरून येतात." हे खोटं होतं, पण यानं कुणाचं नुकसान होतंय असं त्यांना वाटत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला कोण मत देणार आहे? उलट हसं होण्यापासून आपण त्यांना वाचवतोय, असंही एखाद्या दुपारी वाटून जायचं.

या वेळी निकालाचा कागद फळ्यावर लागला आणि सासऱ्यांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. चार नावं, बेरीज शंभर. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई डबा भरत होत्या तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"सूनबाई, एवढा कागद टाईप करून आण. अर्ज मागे घेतोय म्हणून लिहिलंय. उद्या पाचपर्यंत मुदत आहे ना?"

"असं काय एकदम?"

"एकदम कुठं? दहा वर्षं झाली. चौतीस वर्षं ज्यांच्या उंबऱ्यात वाकलो, त्यातल्या एकानंही माझं नाव घेऊ नये, तर माणसानं समजून घ्यावं. पक्षाचं सभासदपणही सोडतो. धाकट्यानं बोलावलंय, त्याच्या गावी जाऊन राहीन म्हणतो. इथं काय अडलंय माझ्यावाचून?"

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ, दिवसभराच्या प्रवासावर राहणारा. बाईंचा नवरा मालट्रक चालवायचा, महिन्यातले आठ दिवस घरी. घरात बोलायला, भांडायला, भाजी निवडायला हे सासरेच. कागद पर्समध्ये टाकून त्या कामावर गेल्या.

कार्यालयात अध्यक्ष येरझाऱ्या घालत होते. वरून फोन आला होता.

झालं होतं असं, की या वेळी चौघांना बारा, दहा, नऊ आणि सात टक्के मिळाले होते. इतर बासष्ट. पण रीत ती रीत. बासष्ट चौघांत वाटले, प्रत्येकाला साडेपंधरा. वर कागद गेला तो साडेसत्तावीस, साडेपंचवीस, साडेचोवीस आणि साडेबावीस असा. वरच्या कार्यालयातल्या कुणीतरी विचारलं, "चौघे एकाच वजनाचे? तिथं माणसं आहेत की एकाच मापानं कापलेल्या फळ्या?" आणि मूळ फॉर्म बघायला उद्या अकरा वाजता निरीक्षक यायचे होते.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "इतरचे फॉर्म घ्या आणि रेघा साफ करा. खोडरबर आणलंय मी. लोकांनी नाव सांगितलंच नाही म्हणू. बासष्ट टक्के लोकांनी मत दिलं नाही, यात आपला काय दोष?"

"पण साहेब, रेघेवर..."

"रेघेवर काही नसतं हो. कुणी बायकोचं नाव लिहितं, कुणी देवाचं. पुसा."

बाई बसल्या पुसायला. सहाशेवीस फॉर्म. अकरा वर्षं ऐकायची सवय झालेली, हात आपसूक चालतो. एक पुसला, दोन पुसले. रबराचा चुरा फुंकायचा, पुढचा घ्यायचा. एकतीस फॉर्म झाले. बत्तिसावा पुसला जाईना. लिहिणाऱ्यानं पेन्सिल अशी दाबली होती की कागदाला खोबण पडली होती. पुसला जाईना म्हणून बाईंनी तो वाचला.

"पाण्याचे मीटर बघायला यायचे ते काका. नाव माहीत नाही."

बाई थांबल्या. पुढचा उचलला. "मीटरकाका." पुढचा. "ते छत्रीवाले मीटरचे." त्याच्या पुढचा. "जे सभेत पाण्याचं विचारतात ते." एका फॉर्मवर सासऱ्यांचं अख्खं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. बाईंनी खोडरबर टेबलाच्या खणात टाकलं, खण लावला, आणि रेघा वाचत पुन्हा पहिल्यापासून बसल्या.

वाचता आलेल्या पाचशे एकोणनव्वद फॉर्मांपैकी पाचशे चौतीस सासऱ्यांचे निघाले. उरलेल्यांत 'कुणीही चालेल' होतं, 'माझी सासू, ती कुणाला घाबरत नाही' होतं, आणि खरंच दोनदा देव होता. अकरा कार्यकर्ते फॉर्म घेऊन फिरले होते. आपल्याच गल्लीत म्हाताऱ्याची ओळख असेल, असं प्रत्येकाला वाटलं, आणि चहा पिऊन सगळे घरी गेले.

अध्यक्ष जेवायला गेलेले बघून बाई स्टुलावर चढल्या आणि कपाटावरचा मागच्या निवडणुकीचा गठ्ठा काढला. त्याच्याही आधीच्या निवडणुकीचा वाळवीनं खाल्ला होता, तो काही वाचता येईना. पण मागचा शाबूत होता. तेव्हा इतर एकोणीस टक्के. त्यांतले एकशे त्रेसष्ट सासऱ्यांचे. म्हणजे सोळा टक्के. दहाच्या कितीतरी वर. ते वाटून बाईंनी स्वतःच्या हातानं छापलेल्या चौघांना, अध्यक्षांच्या मेव्हण्यासकट, चार-चार टक्के जास्तीचे दिले होते.

त्या स्टुलावरच बसल्या. डोळ्यांत पाणी आलं, आणि स्वतःचाच इतका राग आला की ते पुसावंसंही वाटेना. घरात एक माणूस दहा वर्षं मान खाली घालून जेवतोय, आणि त्याची मान ज्यानं वर झाली असती तो कागद आपण दर वेळी गठ्ठ्यात बांधून सुतळीची गाठ मारतोय. अडाणी माणसानं केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आपण वाचता येणारी बाई.

संध्याकाळी घरी त्या काही बोलल्या नाहीत. नोकरी उद्या राहते की जाते ते आधी कळू दे, असं मनाशी म्हणाल्या. खरं कारण ते नव्हतं. भीती वाटत होती.

"कागद झाला टाईप?" सासऱ्यांनी विचारलं.

"उद्या आणते, बाबा."

निरीक्षक म्हणून आली ती एक किडकिडीत, चष्मेवाली बाई. हातात स्वतःची पाण्याची बाटली, पायांत बूट. गादीच्या खुर्चीत बसायला नको म्हणाली, गादीत पाठ दुखते म्हणे. टेबलाशी प्लास्टिकची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "इतरचे द्या."

टायपिस्टबाईंनी गठ्ठा पुढं ठेवला. "सहाशेवीस आहेत. एकतीस माझ्या हातून पुसले गेलेत. बाकीचे जसेच्या तसे, त्यांतले पाचशे चौतीस एकाच माणसाचे."

अध्यक्षांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. निरीक्षकबाईंनी वीस-पंचवीस फॉर्म वाचले. मग विचारलं, "हे मीटरकाका कोण?"

"अहो, तो हौशी माणूस आहे," अध्यक्ष हसले. "दर वेळी अर्ज करतो. आमच्याकडं असे चार-पाच असतातच, तोंडी लावायला."

"हौशी कशावरून?"

"गाडी नाही. मागं माणसं नाहीत."

"मागं पाचशे चौतीस दिसतात."

"भाषण येत नाही त्यांना. एकच विषय, पाणी पाणी पाणी."

"या वॉर्डात पाणी नीट येतं?"

अध्यक्षांनी खिडकीबाहेर बघितलं. "कुठं येतं, कुठं नाही."

"कुठं येतं ते कोण ठरवतं?"

आता अध्यक्षांचा तोल गेला. माणूस मुळात वाईट नव्हता. खुर्चीत फार वर्षं बसला होता एवढंच. "हे बघा, उद्या तो निवडून आला तर त्याला आवरायचं कुणी? त्याला काही नको. पोराला नोकरी नको, कंत्राट नको, सत्कार नको. त्याचा कान धरायचा तर धरायचा कुठं? गल्लीगल्लीत फळे लावून बसेल. मग लोक पाण्यासाठी आपल्याकडं येतील कशाला? असा माणूस पक्षात असावा, नाही म्हणत नाही मी. पण कडेला असावा."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. निरीक्षकबाई लिहीत होत्या.

"ते काय लिहिताय?"

"तुम्ही सांगितलंत तेच. तिकीट का नाही त्याचं इतकं स्वच्छ कारण मला आजवर कुणी दिलं नव्हतं."

मग अध्यक्षांनी शेवटचं अस्त्र काढलं. बोट टायपिस्टबाईंकडं वळलं. "आणि या कोण, विचारा त्यांना! सून आहे त्यांची सून! हिनंच लिहिले असणार सगळे फॉर्म बसून."

टायपिस्टबाईंना हे येणार हे कालपासून माहीत होतं. "सून आहे मी त्यांची," त्या म्हणाल्या. "पण लिहिलं काहीच नाही. उलट तीन निवडणुका त्यांचं नाव वगळून मीच टाईप केलंय. काल पहिल्यांदा रेघा वाचल्या."

निरीक्षकबाईंनी चष्म्यावरून एकदा टायपिस्टबाईंकडं बघितलं, एकदा अध्यक्षांकडं. मग मधूनच एक फॉर्म ओढला आणि त्यावरचा नंबर फिरवला. फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडून एका बाईचा ठसकेबाज आवाज आला.

"मीटरकाका ना? मीच सांगितलं त्यांचं नाव. का, तिकीट दिलं का त्यांना?"

"अजून नाही. पण तेच का हवेत तुम्हाला?"

"अहो, ते आकडा मोठ्यानं वाचायचे. दोनदा. मला दाखवून मग वहीत लिहायचे. त्यांच्या जागी आला तो गेटातूनच अंदाजानं लिहून पळतो. आपल्याला दाखवून लिहिणारा माणूस दुसरा कुठं बघितलाय का तुम्ही? मला सांगा, मी त्यालापण मत देते."

आणखी तीन फोन झाले. एका आजोबांना ऐकू कमी येत होतं, ते फक्त "पाणी! पाणी!" ओरडले आणि फोन ठेवून दिला. निरीक्षकबाई पहिल्यांदाच हसल्या.

"फॉर्म पुन्हा छापा," त्या उठता उठता म्हणाल्या. "पाच नावं. पाचवं पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट. पुढच्या रविवारी पुन्हा घरोघर जायचं, आमची माणसं बरोबर असतील. आकडे असेच आले तर तिकिटाचं मी वर सांगेन. आणि मोजायला याच बाई बसतील. खोडलेलं खोडलं म्हणून सांगणारं माणूस मला इथं एवढंच दिसलं."

निरीक्षकबाई गेल्यावर अध्यक्षांनी एक फॉर्म पुढं ओढला. "बाई, वडिलांचं नाव काय हो त्यांच्या?"

बाईंचा जीव भांड्यात पडला. नोकरी राहिली होती. पण त्यांनी पर्स उचलली, अर्ध्या दिवसाची रजा लिहून टेबलावर ठेवली आणि उन्हातून तडक घरी निघाल्या. खरी परीक्षा अजून व्हायची होती.

सासरे ओट्यापाशी शेंगा सोलत बसले होते. सून या वेळी घरी आलेली बघून घाबरले. "काय गं, बरं वाटत नाही का?"

बाईंनी पर्स खाली ठेवली नाही, चपलाही काढल्या नाहीत. आत्ता थांबलो तर परत धीर होणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सगळं सांगितलं. वरून नावं येत नाहीत, ती त्याच टाईप करतात. इतरचा गठ्ठा. वाटणी. एकतीस पुसलेले. मागच्या वेळचे एकशे त्रेसष्ट. "लोक तुमचं नाव घेत होते, बाबा. प्रत्येक वेळी घेत होते. मी वाचलं नाही. सभेत तुम्हाला हसायचे, त्यात मीपण होते."

सासऱ्यांच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. बाईंना वाटलं, आता हे उठून बॅग भरायला घेणार.

"मागच्या वेळीही?" त्यांनी विचारलं.

"मागच्या वेळीही."

"वरच्या गल्लीतल्यांनीसुद्धा?"

"वरच्या गल्लीतले तर सगळ्यात जास्त आहेत."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. पुसतच राहिले. "तुझा राग येणार आहे मला," ते म्हणाले. "चांगलाच येणार आहे. पण तो संध्याकाळी येऊ दे. आत्ता जागा नाही."

बाई रडायला लागल्या, आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं.

"तुला सांगतो," सासरे म्हणाले, "दहा वर्षं मी बाजाराला मागच्या नाल्याच्या कडेनं जातो. तुम्हाला वाटत असेल, सावली आहे म्हणून. सावली कसली तिथं? वरच्या गल्लीतून जायची लाज वाटायची. ज्यांना मी नको, त्यांच्या दारावरून उगाच कशाला जायचं? कुणी गेटात उभं असलं की मीच मान फिरवायचो. त्यांना काय वाटलं असेल गं? म्हणत असतील, रिटायर झाला आणि शिष्ट झाला."

"अर्ज मागे घ्यायचाय का?" बाईंनी विचारलं. "पाच वाजायला वेळ आहे अजून."

"कसला अर्ज?" म्हातारा ताडकन उठला. शेंगांची टोपली त्यानं सुनेच्या हातात दिली, खुंटीवरची पिशवी घेतली आणि पायांत चपला सरकवल्या. "तिकीट देऊ देत नाही तर न देऊ देत. भाजी काय आणू?"

"घरात आहे, बाबा, भाजी."

"असू दे," ते म्हणाले, आणि फाटकातून बाहेर पडून वरच्या गल्लीला लागले. पहिल्याच घराशी ते थांबले, आत डोकावले आणि त्यांनी मोठ्यानं हाक मारली.